न टोचलेल्यांचा रकाना

बाही वर करा. डाव्या दंडावर, खांद्याच्या थोडं खाली, उजव्या हाताचं बोट फिरवा. लहानपणी टोचलेल्या बीसीजीचा किंचित खोलगट व्रण लागेल. पन्नाशी ओलांडलेली असेल तर दंडावर कुठे तरी देवी टोचल्याची खूणही असेल. २०२१मध्ये रांगेत उभं राहून घेतलेल्या करोनाच्या लशीनं कातडीवर काही ठेवलं नाही. ती फोनमधल्या प्रमाणपत्रात आहे.

बोट तिथेच राहू द्या. ही सुई चालते, हे कुणी कसं ठरवलं, ते आज बघायचं आहे. त्यासाठी सव्वाशे वर्षांहून जास्त मागे जावं लागेल.

सप्टेंबर १८९६. मुंबई, मांडवी.

पाऊस ओसरत आलाय, पण चाळींच्या भिंती अजून ओल्या आहेत. गोदी इथून जवळ. गल्लीभर धान्याची पोती, ओल्या तागाचा वास, गटाराचा वास, आणि त्या दोन्हींच्या खालून येणारा तिसरा एक वास. तो कसला, हे तुम्हाला वखारीच्या दाराशी कळतं. उंबऱ्यापाशी उंदीर मरून पडलाय. आत आणखी. कुणी तरी ते केरसुणीनं लोटतंय, पायात काही न घालता.

तुम्हाला ओरडावंसं वाटतं. लांब व्हा! या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा आता माणसांवर येणार आहेत! पण ही गोष्ट या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. कराचीत पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर पिसवेचा धागा पकडेल, त्याला अजून दोन वर्षं आहेत. प्लेगचा जंतू मात्र सापडलाय, दोनच वर्षांपूर्वी, हाँगकाँगमध्ये. त्यामुळे शत्रूचं तोंड माहीत आहे, तो घरात कुठून शिरतो ते माहीत नाही.

अंधाऱ्या जिन्यावरून डॉक्टर अकासियो व्हिएगस खाली उतरतात. बारदेशातल्या हडफडे गावचा हा गोंयकार डॉक्टर याच वस्तीत रोगी तपासतो. वरच्या खोलीत त्यांनी जे पाहिलं ते असं: फणफणलेला ताप, बरळणं, जांघेत लिंबाएवढी गाठ. मुंबईत प्लेग आलाय, हे स्पष्ट शब्दांत सांगणारे पहिले डॉक्टर हेच. लोक त्याला गाठीचा ताप म्हणतील. पुढे शहराच्या भिंती चुन्यानं आणि कार्बोलिकनं भिजतील, दारांवर तांबडी वर्तुळं उमटतील, एका मृत्यूला एक वर्तुळ. लोक ट्रंका आणि बोचकी घेऊन बोरीबंदरकडे पळतील. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून जातील; कारण आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात, असं वस्तीत बोललं जातंय. त्या भीतीला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ज्या घरातला माणूस शिपायांनी उचलून नेला आणि ज्याचं प्रेतही परत दिलं नाही, त्या घराच्या ओट्यावर बसून बघा.

मांडवीत आपण फार थांबायचं नाही. चालत भायखळ्याकडे या.

डिसेंबर १८९६. ग्रँट मेडिकल कॉलेज.

इथे तुम्ही शिपाई आहात. साहेबाच्या हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच माणसं दिलीत. त्यातले तिसरे तुम्ही. जागा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. साहेबाचं नाव वाल्डेमार हाफकिन. वय ३६. काळ्या समुद्रावरच्या ओडेसात जन्मलेला हा ज्यू माणूस पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करू लागला, पटकीची लस शोधली, ती आधी स्वतःला टोचली आणि मग कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये घरोघर फिरून टोचली. ७ ऑक्टोबरला तो मुंबईत आला. तेव्हापासून या व्हरांड्यातला दिवा रात्री उशिरापर्यंत विझलेला नाही.

तुमचं काम काचा धुण्याचं आणि चंबू न हलवण्याचं. दुसरं काम जास्त अवघड आहे. फळीवर ओळीनं ठेवलेल्या चंबूंमध्ये मटणाचा स्वच्छ रस्सा आहे. मटण बोकडाचं, गाय आणि डुक्कर दोन्ही टाळलेत, कारण ही सुई हिंदूंनाही घ्यायची आहे आणि मुसलमानांनाही. (शरीरशास्त्राइतकंच समोरच्या माणसाचं मन त्यानं मोजलं होतं. मला हाफकिनबद्दल आदर वाटायला लागला तो इथपासून.) रश्श्यावर तुपाचे थेंब सोडलेत. हो, आपलं तूप. कधी खोबरेल. त्या थेंबांना खालून धरून प्लेगचे जंतू वाढतात आणि रश्श्यात खाली लोंबू लागतात. दिव्यासमोर चंबू न हलवता नुसतं वाकून बघा: कौलांच्या कडेवरून पागोळ्या उतराव्यात तशा पांढुरक्या, तलम पागोळ्या तुपाखालून उतरल्या आहेत. जरा धक्का लागला की त्या तुटून तळाला जातात. काही दिवसांनी साहेब स्वतःच चंबू हलवतो, पागोळ्या पाडतो, पुन्हा नवी वाढ धरू देतो. असं आठवड्यांमागून आठवडे. मग सगळा रस्सा गरम पाण्यात तासभर धरायचा, साधारण ६५ ते ७० अंशांवर. जंतू मरतात, पण त्यांना ओळखायला शरीराला लागणारी खूण त्या मेलेल्या अंगात शिल्लक राहते. वरून थोडं कार्बोलिक. हीच लस.

ऐकायला सोपं वाटतं. मात्र तुमच्या हातातल्या फडक्याच्या आणि त्या रश्श्याच्या मध्ये फक्त काच आहे, हे रात्री घरी गेल्यावर आठवतं. हाफकिनच्या सहायकांपैकी एकाचं मन या ताणानं कोसळलं, आणखी दोघं काम सोडून गेले. त्यांना भित्रे म्हणायची माझी तयारी नाही.

सशांवर लस चालली. आता माणूस हवा.

१० जानेवारी १८९७. हाफकिनच्या अंगात १० मिलिलिटर लस जाते, पुढे लोकांना दिली जाईल त्याहून बरीच जास्त. फार थोड्यांना ठाऊक आहे. ताप चढतो, टोचलेली जागा ठणकते. तो काम सोडत नाही. काही दिवसांत उतरतं. लस माणसाला मारत नाही एवढं कळलं. ती माणसाला वाचवते का, हे मात्र एका माणसावरून कधीच कळत नाही. तो प्लेगनं मेला नाही, हे खरं. पण त्याच महिन्यात मुंबईतली लाखो माणसं लस न घेताही मेली नव्हती. न घडलेला मृत्यू दिसत नाही. त्याला प्रेत नसतं, दारावर वर्तुळ नसतं. त्याला बघायचं तर शेजारी दुसरी माणसं लागतात, सगळ्या बाबतीत पहिल्यांसारखी, फक्त सुई न लागलेली.

चार पावलांवर तुरुंग आहे.

३० जानेवारी १८९७. भायखळ्याचा तुरुंग.

इथे तुम्ही कैदी आहात. या महिन्यात प्लेग तुरुंगाच्या भिंतीच्या आत आलाय. तुमच्या बराकीतला एक जण परवा रात्री बडबडायला लागला आणि सकाळी त्याला नेलं. तुम्ही सगळे एकाच हौदाचं पाणी पिता, एकच भाकरी-आमटी खाता, एकाच फरशीवर झोपता, एकाच घंटेला उठता. हाफकिनला नेमकं हेच हवं आहे. बाहेरच्या शहरात एक जण माडीवर राहतो, दुसरा तळमजल्याच्या ओलीत. तिथे कशाची तुलना कशाशी करणार? इथे माणसांमधला फरक तुरुंगानं आधीच पुसून टाकलाय.

विचारतात: कोण टोचून घेतो?

सुमारे दीडशे हात वर होतात. निम्म्याच्या आसपास. तुमचा हात वर गेला का? उत्तर लगेच देऊ नका. तुम्ही २०२१च्या रांगेतून आला आहात, तुम्हाला शेवट ठाऊक आहे. तुमच्या शेजारच्याला ठाऊक नाही. त्याला एवढंच दिसतंय, की ज्या सरकारनं त्याला इथे डांबलं त्याच सरकारचे साहेब हातात सुई घेऊन उभे आहेत.

पुढल्या दिवसांत टोचलेल्यांपैकी दोघं आजारी पडले, मेलं कुणी नाही. न टोचलेल्यांपैकी बारा आजारी पडले, सहा मेले.

शंका घेणारे होतेच, आणि त्यांची शंका योग्यच होती. स्वतःहून पुढे येणारा माणूस मुळातच धट्टाकट्टा असेल, स्वतःला जपणारा असेल. मग तो लशीमुळे वाचला की आपल्या स्वभावामुळे? म्हणून पुढच्या वर्षी जानेवारीत उमरखाडीच्या तुरुंगात कुणाला विचारलंच नाही. कैद्यांना ओळींत बसवलं आणि एक सोडून एक टोचत गेले. एक टोचला, एक सोडला. टोचला, सोडला. निकाल पुन्हा त्याच दिशेचा. आज औषधाच्या चाचणीत संगणक नाणं उडवल्यासारखी माणसं वाटतो. त्या वाटणीचं एक बीज उमरखाडीच्या त्या फरशीवर आहे. हा मान त्या कैद्यांना फारसा कुणी दिलेला नाही.

पण तुरुंग म्हणजे गाव नव्हे. तिथे बायका फारशा नाहीत, तान्ही मुलं नाहीत, म्हातारी माणसं नाहीत. लोकांना हवं होतं ते उत्तर घरातून यायला हवं होतं.

फेब्रुवारी १८९८. बडोदे संस्थान, उंडेरा.

आता तुमच्या हातात वही आहे. गायकवाडांच्या राज्यात मराठी कारकुनाला तोटा नाही. तुम्ही त्यातलेच एक, बडोद्याहून डॉक्टरांबरोबर आलेले. हजाराच्या आसपास वस्तीचं गाव. प्लेग आधीच आलेला, कितीएक घरांतून माणसं गेलेली. थंडी सरत आलीय, कडुनिंबाची पानं गळताहेत, आणि दुपारी गावात आवाज नाही. गुरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येतात.

तुम्ही वहीच्या पानावर उभी रेघ मारता. डावीकडे टोचलेले. उजवीकडे न टोचलेले.

ठरलंय ते असं: संपूर्ण गाव टोचायचं नाही. अर्धं गावही नाही. प्रत्येक घराचे दोन भाग करायचे. घरातले पुरुष निम्मे इकडे, निम्मे तिकडे, बायका तशाच, मुलं तशीच. एकाच चुलीवरचं खाणारी, एकाच छपराखाली झोपणारी, एकच आडनाव लावणारी माणसं रेघेच्या दोन बाजूंना. यापुढे कुणाला म्हणता येणार नाही की ते घर उंचावर होतं किंवा ती जात वेगळं खाते किंवा हे लोक स्वच्छ होते.

एका घराच्या ओसरीवर या. आजी, नवरा-बायको, नवऱ्याचा धाकटा भाऊ, दोन मुलं. सहा जण. तीन इकडे, तीन तिकडे. डॉक्टर आजीला बाजूला बसवतात, मग नवऱ्याला दंड पुढे करायला सांगतात. दोन मुलांपैकी एक. आई दोघांच्या मध्ये बसलेली आहे. ती धाकट्याला हळूच पुढे ढकलते, मग हात मागे घेते, मग थोरल्याकडे बघते. तिला गुजरातीत सांगितलं जातं, ते तुम्हाला अर्धंच कळतं. तिचं बघणं पुरतं कळतं. ती कोणाला सुईपासून वाचवू पाहतेय आणि कोणाला प्लेगपासून, ते या ओसरीवर तिलाही सांगता येणार नाही. डॉक्टर एकाचा दंड धरतात. तुम्ही नाव लिहिता. मग दुसऱ्याचं नाव, उजवीकडे.

पुढच्या घरी.

मी या पानापाशी पुष्कळदा अडलेलो आहे. सगळ्यांनाच का टोचलं नाही? भायखळा झालं होतं, उमरखाडी झालं होतं. हाफकिनला स्वतःला खात्री होती. पण त्याची खात्री म्हणजे गावोगावची खात्री नव्हे. हिंदुस्थानभर प्लेग पसरत होता. पुण्यात आदल्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या होत्या. जूनमध्ये तिथल्याच प्लेग अधिकाऱ्यावर, रँडवर, गोळी झाडली गेली होती, कारण घरात शिरणाऱ्या सोजिरांनी माणसांचा सरकारवरचा उरलासुरला विश्वास संपवला होता. अशा देशात परक्या सुईखाली दंड का धरावा, याला एकच उत्तर चाललं असतं: हे बघा, एका घरातले दोन भाऊ. आणि ते उत्तर मिळवायचं तर दोन भावांपैकी एकाला सोडावंच लागणार होतं. मला हे पटतं. पटलं तरी त्या ओसरीवरून उठवत नाही.

गावाचा निकाल यायला काही आठवडे लागतील. तोवर वही मिटा आणि थोडं पुढे जाऊन या.

१९०२, पंजाबातलं मुल्कोवाल. लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मरतात. डावा रकाना, यावेळी. हाफकिनवर ठपका येतो, त्याला कामावरून दूर केलं जातं. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, हे मान्य होऊन त्याचं नाव १९०७मध्ये धुतलं जातं. त्याची परळची प्रयोगशाळा पुढे १९२५मध्ये त्याच्याच नावानं ओळखली जाऊ लागते. पण त्या १९ जणांमुळे बाटली बंद करण्याची, उघडण्याची, तिची नोंद ठेवण्याची शिस्त बदलली, हे मला नामकरणाहून मोठं वाटतं.

१९६७, अमेरिका. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतले १४३ पुरुष. सगळ्यांचा रक्तदाब भयानक चढलेला, खालचा आकडा ११५च्या वर. साधारण निम्म्यांना खरी गोळी, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. गोळी घेणाऱ्यांत गंभीर घटना दोन. बिनऔषधाच्या बाजूला २७, त्यांत चार मृत्यू. तोवर वाढता रक्तदाब उतारवयाचा भाग म्हणून सोडून देणारे डॉक्टर होते. तुमच्या वडिलांच्या उशाशी असलेली गोळ्यांची पट्टी, सकाळच्या चहाआधी तुम्ही स्वतः गिळता ती गोळी, तिच्यामागेही एक उजवा रकाना आहे. दीर्घ आजारात तो भरायला महिने नव्हे, वर्षं लागतात, एवढाच फरक.

२०२०. हजारो माणसं सही करून करोनाच्या लशीच्या चाचणीत शिरतात. आपल्या दंडात लस गेली की मिठाचं पाणी, ते त्यांना ठाऊक नाही आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. एक वेगळं मंडळ मात्र आकडे बघत असतं. फरक पुरेसा दिसला की ते थांबा म्हणू शकतं. अनेक चाचण्यांत मिठाचं पाणी मिळालेल्यांना नंतर लस देऊ केली गेली. सही, मंडळ आणि नंतरची लस, या तिन्ही गोष्टी उंडेऱ्याच्या त्या आईजवळ नव्हत्या.

आता परत. वही उघडा.

डॉक्टर घरोघर जाऊन विचारताहेत, तुम्ही लिहिताय. प्लेग २८ घरांत शिरला. त्या घरांतली टोचलेली माणसं ७१. त्यातली आठ आजारी पडली, तीन गेली. त्याच घरांतली न टोचलेली माणसं त्याहून थोडी कमीच. त्यातली २७ आजारी पडली.

२६ गेली.

टोचलेल्यांतलेही तिघं गेले, तेही इथेच लिहून ठेवलंय. ही सुई कवच नव्हती. तिनं धोका खूप कमी केला. प्लेग हटायला पुढे उंदीर, पिसवा, वखारी, चाळी सगळ्यांशी झगडावं लागलं. पण डाव्या आणि उजव्या रकान्यातलं हे अंतर वाचून पुढे कितीतरी गावांत दंड पुढे आले.

त्या सहा जणांच्या ओसरीवर तुम्ही आता पोचलाय. दार उघडं आहे. अंगणात धाकट्याची विटी पडलेली. बाई आतून येते, पदर सावरून चौकटीला टेकते. डॉक्टर नेहमीचा प्रश्न विचारतात: घरात माणसं किती?

ती डावा हात वर धरते आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून मोजू लागते. एक. दोन. तिसऱ्या पेरावर अंगठा थांबतो. तुमची लेखणी रेघेच्या वर आहे, आणि कोणत्या बाजूला टेकायची ते तिच्याकडून ऐकल्याशिवाय तुम्हाला ठरवता येत नाही.